आमच्या गाडीतला तेलचोर

शिवाजी पेठेत आजवर पुष्कळ गोष्टी चोरीला गेल्या असतील, पण उभ्या गाडीच्या इंजिनातलं तेल चोरीला गेलेला माणूस मी एकटाच.

म्हणजे, तसं मला वाटत होतं. आणि मला एकदा काही वाटलं, की ते सगळ्या गल्लीला वाटायला लावल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, अशी आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. (घरातली म्हणजे वैशालीची. घरात तक्रारीचं खातं तिच्याकडे आहे, खुलाशाचं माझ्याकडे.)

पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, पिको. मला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे 'मॅचिंग'च म्हणतात. राणी आणि डाळिंबी यांच्या मधोमध बसणारा रंग मी साडी न उलगडता, नुसता पदराचा कोपरा बघून सांगतो. गाडीच्या बाबतीत मात्र माझं ज्ञान, उजवीकडे बसतो तो चालवतो, इथं सुरू होऊन तिथंच संपतं.

गाडी माझ्या मेव्हण्याची, सुनीलची. त्यानं ती पुण्यात मनसोक्त पिदडली आणि नवी घेतल्यावर मला म्हणाला, "दाजी, घरातली गाडी घरातच राहू दे." मला भरून आलं! पुढं कळलं, की घराबाहेरच्या सगळ्यांना विचारून झालं होतं.

पण गाडी दिसायला झकास होती. पांढरीशुभ्र. सकाळी सुरू केली, की मागून असा देखणा धूर निघायचा! राखाडी, आणि त्यात किंचित निळी झाक. कबुतराच्या मानेला असते तशी. त्या रंगाचं अस्तर मी कितीतरी दिवस सुरतेच्या व्यापाऱ्यांकडे मागत होतो. एकदा तर मी वैशालीला मुद्दाम बाहेर बोलावलं.

"अगं, हा रंग बघ!"

तिनं नाकाला पदर लावला. "बघितला. आता दार लावू का?"

कलेची कदर नाही, म्हणून मी सोडून दिलं.

मग एके दिवशी गाडीत तो लाल दिवा लागला. झारीतून थेंब पडतोय असं चित्र असलेला. मी पोपट मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो. पोपटनं बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी बाहेर काढली, पुसली, आत घातली, परत काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात.

"तेलच न्हाय की हो आत!"

तेल भरलं. थोड्या दिवसांनी परत दिवा. परत भरलं. परत दिवा! मी पोपटकडे गाडी न्यायचो तेव्हा तो कायम कुणाच्या तरी गाडीखाली असायचा आणि कानाला मोबाइल असायचा. (गाडीखाली आडवं पडून माणूस एवढं बोलतो कुणाशी, हे मला अजून कळलेलं नाही.) तिसऱ्या खेपेला मात्र तो स्वतःची कामं सोडून माझ्या गाडीखाली शिरला आणि तिथनंच ओरडला, "खाली तर टिपूस न्हाय. गळत न्हाय काय. मग तेल जातंय कुठं? कोण काढून घेतंय का काय?"

आणि तो हसला. पुढं म्हणालाही, "गाडी ठेवून जावा, सवडीनं इंजिन बघतो."

पण मला पुढचं ऐकूच आलं नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. कोण काढून घेतंय का काय!

घरी आलो. वैशाली मेथी निवडत होती.

"वैशाली, आपल्या गाडीतलं तेल चोरीला जातंय."

"कुठलं तेल?"

"इंजिनमधलं."

तिनं मेथीची काडी मोडली. "काळं, जळकं, वापरलेलं तेल. आणि पेट्रोल तसंच सोडून?"

"चोर हुशार आहे. पेट्रोल गेलं तर लगेच लक्षात येतं."

"बॉनेट उघडायला आतनं खटका ओढावा लागतो ना? आत कसा जाईल?"

"डाव्या बाजूच्या दाराचं लॉक बिघडलंय. हे ज्याला माहीत आहे, तोच चोर!"

"मग तुम्ही, मी आणि श्वेता," ती म्हणाली. "त्यातली मी न्हवं. श्वेताला विचारून घ्या."

श्वेता आमची मुलगी. तिचं लग्न जयसिंगपूरच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं आणि साखरपुडा तोंडावर आला होता. घरात लगबग होती. अशा वेळी बापानं हॉलच्या, कपड्यांच्या, मानपानाच्या चिंता करायच्या असतात. मी गल्लीतल्या माणसांची यादी मनातल्या मनात चाळत बसलो होतो.

त्यात पहिलं नाव निघालं दत्ताचं.

दत्ता म्हणजे आमचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. तरुणपणी तालमीत नाव काढलेला पैलवान, आता दुधाचा धंदा. छाती दाराएवढी, आवाज गल्लीएवढा. लहानपणापासूनचा मित्र. आणि श्वेताचं हे स्थळ त्यानंच आणलेलं! मुलाचे वडील त्याच्या ओळखीचे. दोन्हीकडच्या बैठकी त्यानंच घडवून आणलेल्या. अशा माणसावर संशय घेणं बरं नव्हे, हे मलाही कळत होतं. पण पुरावा फार बोलका होता.

दत्ताच्या सोप्यात एक लोखंडी झोपाळा आहे. त्याची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांची आक्का, दिवसभर त्यावर बसून असायची, आणि तो झोपाळा अखंड कुरकुरायचा. आमच्या घरातली सगळी बोलणी त्या तालावर व्हायची. आणि गेले काही दिवस तो झोपाळा एकदम गप्प होता!

"तेल घातलंय," मी वैशालीच्या कानात म्हणालो.

"कुणी? कशात?"

"दत्तानं. झोपाळ्यात. आपलं!"

वैशालीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "अहो, कॅनभर तेल जातंय म्हणता. एवढ्या तेलात झोपाळा तळून निघंल!"

मी गूढ हसलो. गूढ हसल्यावर उत्तर द्यावं लागत नाही.

दुपारी दुकान बंद असतं. गल्लीही सुस्त असते. चोराला याहून चांगली वेळ नाही, म्हणून मी त्याच वेळी पाळत ठेवायची ठरवली. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झालो आणि अंगावरून पांढरी चादर ओढून घेतली. काचा बंद. (उघड्या काचा बघून चोर सावध झाला असता!) उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत चादर ओढून झोपणं म्हणजे काय, हे इडलीलाच कळेल. पण मी हललो नाही.

थोड्या वेळानं गाडीला कुणीतरी टेकलं. दोन बायकांचे आवाज.

"मॅचिंगवाल्याची गाडी न्हवं ही?"

"व्हय. रोज पुसतोय बघ. बायकोकडं एवढं बघितलं असतं तर ती बिचारी सोन्याची झाली असती!"

"आन पोरीचा साखरपुडा आलाय तोंडावर. हा बाबा सकाळी गाडीच्या मागं उभा ऱ्हाऊन धूर बघत असतोय."

"धूर?"

"धूर! वर हसतोय."

मी चादरीत दात आवळले. गुप्त कामात अपमान गिळावे लागतात.

बायका गेल्या. मग जड पावलं वाजली. पैलवानी पावलं! गाडीच्या टपावर काहीतरी सरसर पसरल्याचा आवाज आला. आणि मग डाव्या बाजूचं दार उघडलं! तेच दार! बिघडलेल्या लॉकचं!

"सापडलास!" अशी आरोळी ठोकून मी चादरीसकट उठलो.

इथं माझ्याकडून एक बारीकसा हिशेब राहून गेला होता. पांढरी चादर ओढलेला, घामानं निथळणारा माणूस बंद गाडीतून ओरडत उठला, तर समोरचा काय करील? साधा माणूस पळेल. दत्ता साधा माणूस नव्हता. त्यानं चादरीसकट माझी मान काखेत धरली, मला दारातून बाहेर खेचलं, हवेत एक वळसा दिला आणि धोबीपछाड घालून रस्त्यावर आपटलं. वर बसला. मग विचारलं, "कोण हाईस रं?"

"मी... मी..." चादरीतून एवढंच निघालं.

त्यानं चादर बाजूला केली. "अरं मॅचिंग! तू व्हय! आन आत काय करत हुतास?"

तेवढ्यात त्याची बायको, मंगलवैनी, किंचाळत आल्या. "माझं पापड!"

तेव्हा मला उलगडा झाला. दत्तानं गाडीच्या टपावर जुनी साडी पसरली होती, त्यावर पापड वाळत घातले होते आणि वाऱ्यानं साडी उडू नये म्हणून तिचा काठ दारात अडकवायला त्यानं ते दार उघडलं होतं. रोजच उघडत होता. आता ते सगळे पापड रस्त्यावर, गटारीत आणि काही माझ्या पाठीखाली होते.

शहाण्या माणसानं इथं माफी मागितली असती. मी दत्ताच्या खाली चेपलेला होतो, भाजलेला होतो, आणि माझा बेत फसला होता. अशा वेळी माझं तोंड आपोआप चालतं.

"तू माझं तेल चोरतोस!" मी ओरडलो.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"तेल?" दत्ता म्हणाला. "कसलं तेल?"

"इंजिनचं! झोपाळ्याला घातलंस! कुरकुरायचा थांबला की नाही झोपाळा? बोल!"

दत्ता माझ्या अंगावरून उठला. कपडे झटकले. त्याचा आवाज कधी नव्हे तो हळू झाला, आणि दत्ताचा आवाज हळू झाला की भीती वाटते.

"आक्का कोडोलीला गेलीया बहिणीकडं. झोपाळ्यावर बसायला कोण न्हाय. मग कुरकुरंल कोण? मी?"

मी पाठीखालचा एक पापड ओढून काढला.

"तुज्या पोरीसाठी जयसिंगपूरला चपला झिजवल्या मी. आन तुज्या गाडीचं जळकं तेल चोरू?" एवढं बोलून तो घरात गेला आणि दार लावलं. दत्ताचं दार दिवसा लागलेलं पेठेनं त्यादिवशी पहिल्यांदा बघितलं.

पुढचे दिवस कसे गेले, ते विचारू नका. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि चौकशी करणारे जास्त. "मॅचिंगवाले, आमच्या दाराची कडी लई वाजतीया. तुमच्या गाडीतलं थोडं तेल काढू का?" वैशालीनं माझ्याशी बोलणं फक्त कामापुरतं ठेवलं, आणि कामं ती स्वतःच करायची. श्वेता रडवेली झाली. "बाबा, दत्ताकाका आले न्हाईत तर तिकडची मंडळी काय म्हणतील? सगळं त्यांनीच जुळवलंय!"

तिचं खरं होतं. मध्यस्थच नसेल, तर सुपारी कुणी फोडायची, कुणाशी काय बोलायचं, सगळाच घोळ. मी दोनदा दत्ताच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा काहीतरी विसरल्यासारखं करून परत आलो. शेवटी वैशालीच गेली. येताना डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"भावजी येणार. मंगलवैनीबी येणार."

"बघ! मी म्हणत होतो, मनाचा मोठा आहे."

"पण ते तुमच्या गाडीत बसणार न्हाईत. म्हणाले, पोरीसाठी येतो. त्या गाडीत पाय ठेवला आणि उद्या तिचं चाक हरवलं, तर परत माझंच नाव यायचं."

साखरपुड्याच्या दिवशी सगळे नातेवाईक मंगलवैनींसह आधीच भाड्याच्या बसमधून पुढं गेले. "आपणबी भाड्यानं गाडी करूया," वैशाली केव्हापासून म्हणत होती. पण मुलीनं बापाच्या गाडीतून उतरावं, यावर मी ठाम होतो. आणि वाटेत दिवा लागून शोभा नको, म्हणून मी सकाळीच इंजिनमध्ये तेल ओतलं. पट्टीवरच्या खुणेपर्यंत ओतलं, मग खुणेच्या वर, मग आणखी थोडं. चोराला चोरायला वेळच मिळणार नाही एवढं!

(तेल गरजेपेक्षा जास्त झालं तरी धूर होतो, हे मला नंतर सांगण्यात आलं. सांगणारे पुष्कळ होते.)

दत्ता मोटारसायकल घेऊन तयार होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी विजार, डोक्याला गुलाबी फेटा. सिनेमातला नायक दिसत होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

वैशाली खिडकीतून म्हणाली, "भावजी, तुम्ही आमच्या मागंच ऱ्हावा हं! ह्या गाडीचा काय भरवसा न्हाय. कुठं बंद पडली तर तुमचाच आधार."

"वैनी, तुमी म्हणताय म्हणून," दत्ता म्हणाला. "शबूद दिला. जयसिंगपूरपातूर मागंच हाय मी."

आणि आम्ही निघालो.

सांगली रोडला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मी मोतिया रंगाचा सिल्कचा झब्बा घातला होता, वैशालीच्या साडीच्या काठाशी तंतोतंत जुळणारा. श्वेता मागं बसली होती. मी खुशीत होतो.

"बाबा," श्वेता म्हणाली, "मागचं काही दिसत न्हाय."

"धुकं असेल."

"भर उन्हात?"

मी आरशात बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं. निळसर ढगातून मधूनच एक गुलाबी फेटा वर यायचा आणि बुडायचा. मग दत्ताचा हात दिसला. तो जोरजोरात हलत होता.

"बघ, अजून धमक्या देतोय," मी म्हणालो.

"अहो, काहीतरी सांगत असतील!"

"काय सांगणार? त्याला पुढं जायचंय. माझ्या पोरीच्या पुढं पोचून मोठेपणा घ्यायचाय!"

आणि मी गाडी दामटली. गाडीनं एक खोकला दिला आणि मागं असा काही लोट सोडला, की रस्त्याकडेच्या उसातला एक माणूस खुरपं टाकून पळाला. दत्तानं हॉर्न वाजवला. मी आणखी जोर दिला. तो बाजूनं यायला लागला की मी बाजूला सरकायचो. (आता हे लिहिताना माझं मलाच वाटतं, की अशा माणसाला गाडी सोडा, पिकोचं मशीनसुद्धा चालवायला देऊ नये.) हातकणंगले गेलं तेव्हा त्याचा हॉर्न घोगरा झाला होता. पुढं तो बंदच झाला. शब्द दिला होता वैशालीला, म्हणून माणूस मागं राहिला. दुसरा कुणी असता तर उसात मोटारसायकल घालून घरी गेला असता.

जयसिंगपूरला हॉलच्या दारात मुलाकडची मंडळी हार घेऊन, ओवाळायला तबक घेऊन उभी होती. मी ऐटीत गाडी वळवली, ब्रेक दाबला, आणि आमच्या मागून येणारा सगळा ढग आम्हाला ओलांडून पुढं गेला.

"डासांच्या औषधाची गाडी आली!" कुणीतरी ओरडलं. "जेवणं झाका! खिडक्या लावा!"

पोरंबाळं आनंदानं धुरात नाचायला लागली. बायका पळाल्या. तबकातला दिवा विझला. एक वयस्कर पाहुणे माझ्या काचेवर टकटक करून म्हणाले, "ओ पावणं, आज हिकडं कार्यक्रम हाय! मागच्या वस्तीत मारा आदी, तिकडं डास लई झाल्यात!"

"मी मुलीचा बाप आहे," मी म्हणालो.

"आसू द्या की. औषध उद्या मारा."

धूर हळूहळू विरला. आणि त्यातून दत्ता प्रकटला.

दत्ता म्हणजे, आकारावरून ओळखायचा. फेटा आता गुलाबी नव्हता. त्या रंगाला आमच्या धंद्यातही नाव नाही. शर्टावर बारीक तेलकट ठिपक्यांची अशी दाट नक्षी होती, की लांबून छापील वाटावा. चेहरा काळा आणि चकचकीत. फक्त डोळे पांढरे, आणि ते माझ्यावर रोखलेले.

मला वाटलं, झालं. आता हा बोलणार, आणि पोरीचं जुळलेलं मोडणार. श्वेतानं माझा दंड घट्ट धरला. मुलाचे वडील वसंतराव पुढं झाले. "दत्ताबा? हे काय?"

दत्ता माझ्यापुढं आला. शर्टाचं टोक दोन बोटांत धरलं आणि पिळलं. थेंब पडला!

"पावणं," तो वसंतरावांना म्हणाला, "ह्यो माजा मैतर. ह्यानं आमच्या समद्या पेठंत सांगितलंय, की दत्ता माजं तेल चोरतोय. आजपातूर खोटं हुतं. आज मातर मुद्देमालासकट आलोय! एकबी थेंब खाली सांडला न्हाय, समदा माज्या अंगावर हाय. मॅचिंग, मोजून घे!"

मग वसंतराव हसले. ते असे हसले, की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. मग सगळा हॉल हसला. श्वेता हसली, नवरामुलगा हसला, वैशाली तर खालीच बसली. हसून झाल्यावर वसंतरावांनी डोळे पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "इंजिनच्या रिंगा गेल्यात तुमच्या. तेल वर चढतंय आन जळतंय. निळा धूर निघतोय न्हवं?"

"निघतो," मी म्हणालो. "कबुतराच्या मानेसारखा."

"निळा धूर म्हंजे तेल जळतंय. हे काय सांगायला पायजे होय?"

मला सोडून कुणालाच सांगायला नको होतं. नवऱ्यामुलाच्या आत्याला माहीत होतं. आचाऱ्याला माहीत होतं. हार आणणाऱ्या माळ्यालाही माहीत होतं. सबंध हॉलमध्ये रंगांचा जाणकार मी एकटा, आणि त्या एका रंगाचा अर्थ मला एकट्यालाच ठाऊक नव्हता!

मी दत्ताचे हात धरले. (धरले की घसरत होते.) "दत्ता, चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं. आता मी ह्या कापडात सुपारी फोडू काय?"

प्रश्न बरोबर होता. मध्यस्थ म्हणून त्याला पुढं बसायचं होतं. मी आडोशाला जाऊन माझा मोतिया झब्बा काढला आणि त्याला दिला. त्यानं तोंड धुतलं, तो झब्बा अंगात चढवला. काखेत टर्रकन आवाज आला, पण समोरून राजबिंडा दिसत होता. त्याचा शर्ट मी घातला. त्यात मी आणि माझा एखादा भाऊ सहज मावलो असतो.

यानंतर साखरपुडा फार छान झाला, असं मला सांगतात. मला त्यातलं थोडंच बघायला मिळालं. मुलाकडचे पाहुणे रांगेनं येऊन सिल्कच्या झब्ब्यातल्या दत्ताला वाकून नमस्कार करत होते आणि "पोरगी लई गुणाची हाय हो तुमची!" म्हणत होते. दत्ताही "आमचं संस्कारच तसं हाईत," म्हणून मान डोलावत होता. मी पुढं झालो की फोटोग्राफर म्हणायचा, "ओ, जरा बाजूला व्हा, मुलीच्या वडिलांचा फोटो काढायचाय." आणि वडील म्हणून दत्ता! एका प्रेमळ आजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो लगेच पुसला आणि म्हणाल्या, "ड्रायवर न्हवं तुमी? जेवून घ्या बाबा, मागच्या बाजूला ताटं मांडल्यात."

मी गेलो. जेवण चांगलं होतं. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा नव्हता, कार्यच तसं होतं, पण बासुंदी होती. ड्रायव्हर लोकांनी मला आग्रह करून वाढली.

निघायची वेळ झाली तेव्हा दत्तानं सरळ गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतली. जादाचं तेल त्यानं वसंतरावांच्या मदतीनं आधीच काढलं होतं.

"गाडी मी चालवतो. सावकाश नेतो. वैनी, श्वेता, मंगल, बसा."

"आणि मी?" मी विचारलं.

त्यानं मोटारसायकलची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "तू मागनं ये. जमंल तेवढं तेल परत मिळीव!"

मी वैशालीकडे बघितलं. ती खिडकीतून म्हणाली, "शब्द द्या. मागंच ऱ्हावा."

दिला. काय करतो! आणि सांगायला पाहिजे, दत्ता खरंच सावकाश चालवत होता. पण सावकाश चालवल्यानं धूर कमी होत असला, तरी तो आपल्या वाट्याला जास्त वेळ येतो. हातकणंगल्यापर्यंत मी आलटून पालटून एकेक डोळा उघडा ठेवून आलो. त्यानंतर गाडी पुढं निघून गेली, की मी चुकून एखाद्या ट्रकच्या मागं लागलो, हे नीटसं आठवत नाही. एका ठिकाणी मी चहाला थांबलो, तर चहावाल्यानं कप न देता कागदी ग्लास दिला आणि तो माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी दाराशी उभी होती, सगळे केव्हाच आलेले. आतून हसण्याचे आवाज येत होते. दत्ताचा सगळ्यात मोठा. मी दार वाजवलं.

वैशालीनं दार उघडलं. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. तो काळा चेहरा, तो तंबूएवढा तेलकट शर्ट. मग अगदी अदबीनं म्हणाली, "गॅरेजवाले का? बरं झालं आलात, गाडी बाहेरच आहे. पण जे काय असंल ते मलाच विचारा हं. आमचे हे अजून यायचेत, आणि आले तरी त्यांना त्यातलं काही कळत न्हाय."

मी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि मुकाट्यानं मान डोलावली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण एखाद्या बाबतीत आम्हा दोघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती!